बत्तिसावं कार्ड

रेडिओ केंद्रात आम्ही चेष्टेने म्हणायचो, "बाई मेलेल्यांना फोन करतात." ते अगदीच खोटं नव्हतं. इमारतीच्या तळघरात टेपांची लायब्ररी होती आणि तिथे बाई सत्तावीस वर्षं बसल्या. लोखंडी कपाटांच्या सहा रांगा, एक लांब टेबल, टेबलावर काळा फोन, आणि भिंतीला टेकून लहान लहान खणांचं लाकडी कपाट. खणांत कार्डं. कुठल्या टेपवर कोण गायलं, मागे कोणी काय वाजवलं, कुठल्या तारखेला, किती मिनिटं किती सेकंद, सगळं बाईंच्या हातचं. अक्षर असं की छापखान्याने लाजावं.

दरवर्षी, वर्षाच्या शेवटच्या रविवारी सकाळी साडेदहाला अर्ध्या तासाचा कार्यक्रम असायचा. त्या वर्षात गेलेल्या संगीतातल्या माणसांची आठवण. लिहायच्या बाई, वाचायचो मी. मी निवेदक, वर्षावर्षाच्या करारावर. बाई बारा महिने पेपरातल्या बातम्या कापून ठेवायच्या आणि नोव्हेंबर लागला की एकेका घरी फोन लावायच्या. "रेडिओवरून बोलतेय. ऐकून वाईट वाटलं. तारीख नक्की कोणती? नाव कसं उच्चारायचं? शेवटपर्यंत वाजवत होते का?" हा तिसरा प्रश्न त्या कधीच चुकवत नसत.

एकदा एका बासरीवाल्याच्या घरी फोन केला तर फोन त्यानेच उचलला. पेपरवाल्यांनी नावात घोळ घातला होता. "मी आहे अजून, बाई," तो म्हणाला, "पण आता फोन केलाच आहे तर जागा धरून ठेवा." बाईंनी त्याच्या कार्डावर पेन्सिलीने लिहून ठेवलं: स्वतः बोलले. आवाज खणखणीत.

गाणारे मेले की पेपरात येतात. वाजवणारे येत नाहीत. म्हणून वाजवणाऱ्यांची चौकशी बाई स्वतः करायच्या, याला विचार, त्याला विचार, जुन्या वाद्यवृंदातल्या कोणाच्या बायकोला विचार. यादीत व्हायोलिनवाले असत, सतारीच्या तारा लावून देणारा म्हातारा असे, एका वर्षी तर गायकांची पेटी दुरुस्त करणारा होता. अर्ध्या तासात त्यांना चार चार ओळी मिळायच्या. पण मिळायच्या.

आणि बाई नियमाच्या पक्क्या होत्या. एकदा केंद्राच्या मोठ्या साहेबांना जावयाला ऐकवायला एक टेप घरी न्यायची होती. "टेप इमारतीबाहेर जात नाही," बाई म्हणाल्या. साहेबांनी हसून पाहिलं, रागावून पाहिलं, शेवटी जावयाला तळघरात आणून लाकडी स्टुलावर बसवलं. आम्ही महिनाभर हसत होतो. बाईंना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. आपण कोणासाठीही नियम वाकवत नाही, याचा त्यांना अभिमान होता. इतका की कधी कधी वाटायचं, नियम वाकवायची वेळ यावी आणि आपण तो वाकवू नये, याची त्या वाटच बघतात.

त्यांचे थोरले भाऊ आमच्याच केंद्राच्या वाद्यवृंदात क्लॅरिनेट वाजवायचे. सगळे त्यांना दादा म्हणायचे. बाईंना ही नोकरी लागली ती दादांनी शब्द टाकला म्हणून. लग्न न झालेल्या बाई, दादा आणि वहिनी, अशी तिघं दोन खोल्यांत राहायची. सकाळी दादा आणि बाई एकाच बसने यायचे, संध्याकाळी एकाच बसने जायचे. दादा जेवणाच्या सुट्टीत तळघरात यायचे, स्वतःच्या डब्यातलं बाईंच्या डब्यात घालायचे आणि म्हणायचे, "खा. मेलेल्यांशी बोलून भूक लागत असेल."

मग वरून हुकूम आला की एकोणीस वादकांचा वाद्यवृंद परवडत नाही, आठच ठेवायचे. कोण ठेवायचे आणि कोण काढायचे? एका साहेबाने डोकं चालवलं: गेल्या तीन वर्षांत कोणी किती ध्वनिमुद्रणांत वाजवलं ते मोजा, वरचे आठ ठेवा. मोजणार कोण? कार्डं बाईंकडे.

त्या तीन वर्षांतलं एक वर्ष दादांचं दातांच्या दुखण्यात गेलं होतं. खालचे चार दात काढले, हिरड्या सुजल्या, क्लॅरिनेट तोंडात धरवेना. बाईंना हे माहीत नसेल का? घरी त्यांच्यासाठी पातळ भात त्याच शिजवत होत्या. त्यांनी आठ दिवस बसून कार्डं मोजली, सगळ्यांची सारखी मोजली, आणि सुंदर अक्षरात यादी करून वर पाठवली. यादीखाली एक ओळ लिहिता आली असती, की अमुक वादक इतके महिने आजारी होते. ती त्यांनी लिहिली नाही. दादा बारावे आले.

यादी नोटीस बोर्डावर लागली तेव्हा मी तिथेच उभा होतो. दादांनी खिशातून चष्मा काढला, वरपासून खालपर्यंत यादी वाचली. बाई जिन्यातून वर येत होत्या. दादा त्यांच्याकडे वळून एवढंच म्हणाले, "तुझं अक्षर फार छान आहे गं."

त्यानंतर ते बहिणीशी एक शब्द बोलले नाहीत. महिन्याभरात दादा आणि वहिनी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेले. बाईंनी पत्रं लिहिली, ती न फोडता परत आली. दादांना पंख्यांच्या कारखान्यात काम मिळालं. कान चांगला होता ना! बंद खोलीत बसायचं, एकेक पंखा लावायचा, घरघर येते का ऐकायचं, आली तर लाल खूण करायची. क्लॅरिनेटवर आयुष्य काढलेल्या माणसाने पुढची अकरा वर्षं, नोकरी संपेपर्यंत, पंखे ऐकले.

दोन वर्षांनी आणखी एक हुकूम आला. कोऱ्या टेपा मिळत नाहीत, जुन्या पुसून वापरा. गाण्याच्या टेपा ठेवा, नुसत्या वाद्यांच्या पुसा. पुसायचं यंत्र एखाद्या इस्त्रीएवढं होतं. टेपवरून गोल फिरवलं की आतलं सगळं जातं. हे काम तंत्रज्ञाचं होतं, पण बाई म्हणाल्या, "माझ्या टेपा आहेत, मी करीन." दोनशे बारा टेपा. मी काही कामाने खाली गेलो तर बाई उभ्या राहून हात गोल गोल फिरवत होत्या, शेजारी पुसलेल्या टेपांची चळत. वरच्या डब्यावरचं नाव मी वाचलं. दादांचं होतं.

"बाई, ही तरी ठेवायची."

"का? यात गाणं आहे?"

"नाही, पण..."

"मग?"

दादांनी एकट्याने वाजवलेल्या तीन टेपा होत्या. तिन्ही गेल्या. कार्डांवर बाईंनी लाल शाईने तारीख घालून लिहिलं: पुसली.

अशी बारा-तेरा वर्षं गेली आणि ते वर्ष आलं. संगीतातल्या माणसांना ते वर्ष फार वाईट गेलं. नोव्हेंबरपर्यंत बाईंच्या खणात एकतीस कार्डं जमली. त्यात एक मोठी गायिका होती, जिची गाणी रिक्षावाल्यापासून न्यायाधीशापर्यंत सगळे गुणगुणायचे. बाकीचे तीस कमीअधिक ठाऊक असलेले.

मी खाली बसून चहा पीत होतो आणि बाई जुन्या वाद्यवृंदातल्या एका व्हायोलिनवाल्याच्या विधवेशी फोनवर बोलत होत्या. तारीख लिहून घेतली. उच्चार लिहून घेतला. मग पलीकडून ती बाई काहीतरी सांगायला लागली आणि बाईंची पेन्सिल थांबली.

"कधी?" त्यांनी विचारलं. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. "नाही," म्हणाल्या, "मला कोणी कळवलं नाही." फोन ठेवून त्यांनी पेन्सिलीचं टोक बोटाने चाचपलं.

"दादा गेला," मला म्हणाल्या. "फेब्रुवारीत. ती म्हणते, 'आम्ही पोचवायला आलो होतो, तुम्ही कशा दिसला नाहीत?'"

मी चहाचा कप खाली ठेवला. बाईंनी खणातून कोरं कार्ड काढलं, दादांचं नाव लिहिलं, वाद्य लिहिलं, महिना लिहिला. तारखेची जागा रिकामी सोडली.

"तारीख लागेल," त्या म्हणाल्या. "चल माझ्याबरोबर. एकटीला जमणार नाही."

वहिनींचं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट नव्हती. बाई प्रत्येक मजल्यावर थांबत होत्या, दमल्यामुळे की कशामुळे ते मी विचारलं नाही. दार वहिनींनीच उघडलं. बारीक बाई, जाड काचांचा चष्मा. त्यांनी नणंदेला नीट न्याहाळलं.

"या वन्सं," त्या म्हणाल्या. "नोव्हेंबर आहे. मी म्हणतच होते, अजून फोन कसा नाही आला."

आम्ही बसलो. खोलीत एक पलंग, एक टेबल, टेबलावर रेडिओ. कपाटाच्या डोक्यावर क्लॅरिनेटची काळी पेटी, तिच्यावर घड्या घातलेली चादर ठेवलेली.

"वहिनी, मला कळवलं का नाही?"

"त्यांनी सांगितलं होतं, कळवू नको. म्हणाले, तिचं काम आहे, ती शोधून काढेल."

बाईंनी पर्स मांडीवर घेतली. मग पर्समधून कार्ड काढलं. मला वाटलं, आता हे नको काढायला. पण त्यांना दुसरं काही येतच नव्हतं.

"तारीख कोणती होती?"

"यादीत घालणार?"

"हो."

"तुमच्या यादीत त्यांचं नाव एकदा आलं, वन्सं. तेवढं पुरे."

मी मध्ये पडलो. "वहिनी, दादा मोठे वादक होते. लोकांना कळायला हवं."

वहिनींनी माझ्याकडे मान वळवली. "हा आवाज ओळखीचा आहे. तुम्हीच वाचता ना? ते दरवर्षी ऐकायचे तुम्हाला. त्या खुर्चीवर बसून. एकेकाचं नाव आलं की म्हणायचे, हा तालाला कच्चा होता, पण माणूस चांगला. हा माझे क्लॅरिनेटचे दोन रीड घेऊन गेला ते दिलेच नाहीत. आणि शेवटी म्हणायचे, बघ, पोरीने एकही सोडला नाही."

बाईंनी कार्डावर पेन्सिल टेकवली. "वाजवत होता का? शेवटपर्यंत?"

"पेटी त्या वर्षी वर ठेवली ती खाली काढली नाही. दिवसभर पंख्यांची घरघर ऐकून आले की म्हणायचे, रेडिओसुद्धा हळू लाव."

"एखादी टेप आहे का? घरी वाजवलेली, कशीही?"

त्यावर वहिनी पहिल्यांदा चिडल्या. "आमच्याकडे कुठली टेप? सगळं रेडिओत होतं ना! आम्हाला वाटायचं, तिथे जपून ठेवलंय. बहीणच आहे तिथे."

मी बाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "पुसल्या."

"कोणी?"

"मी."

वहिनी उठल्या आणि आत गेल्या. आतून भांडं घासल्याचा आवाज येत राहिला. आम्ही दहा मिनिटं तसेच बसलो, मग उठलो. दारापर्यंत पोचलो तेव्हा आतून आवाज आला, "अकरा फेब्रुवारी. दुपारी."

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी कार्डं उपसली. दादांचं काही कुठे उरलंय का, कोणाच्या गाण्यामागे, कुठेही. चार दिवसांनी सापडलं. त्या मोठ्या गायिकेचं एक जुनं भावगीत होतं. दोन कडव्यांच्या मधे बावीस सेकंद फक्त क्लॅरिनेट. गाणं म्हणून टेप वाचली होती आणि गाण्यामुळे दादांचे बावीस सेकंद वाचले होते. आम्ही ती टेप लावून ऐकली. गायिका थांबते, आणि क्लॅरिनेट तिचाच शेवटचा सूर उचलून असा वर नेतं की परत गाणं सुरू झाल्यावर क्षणभर गायिकाच उपरी वाटते. बाईंनी ते तीनदा ऐकलं. "दात पडायच्या आधीचं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी सोपी योजना केली. गायिकेच्या आठवणीत हेच गाणं लावायचं. आधी मी सांगायचं, यातलं क्लॅरिनेट अमुक यांचं, तेही याच वर्षी अकरा फेब्रुवारीला गेले. मग गाणं. कुणाचं काही कमी होत नव्हतं.

पण त्या वर्षी नवा कार्यक्रमप्रमुख आला होता. आम्ही त्याला घड्याळ म्हणायचो, कारण तो माणसाकडे कमी आणि मनगटाकडे जास्त बघायचा. त्याने बाईंचा मजकूर हातात घेतला आणि पेन चालवलं. गायिकेला वीस मिनिटं. उरलेल्या दहा मिनिटांत ज्यांची नावं लोकांना ठाऊक आहेत असे सहाजण. बाकीचे पंचवीस उडवले.

बाई सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा वरच्या मजल्यावर काही मागायला गेल्या. मी बरोबर होतो.

"साहेब, चोवीसजणांबद्दल मी बोलत नाही," त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून असं वाक्य येईल असं मला वाटलं नव्हतं. "एकच नाव राहू द्या. एक ओळ."

"कोण आहे हा?"

"माझा भाऊ."

"अच्छा." त्याने मनगट पाहिलं. "बाई, मी तुमच्याबद्दल खूप ऐकलंय. जावयाला स्टुलावर बसवलंत म्हणे. आणि आज घरच्या माणसासाठी आलात? नियम सगळ्यांना सारखा, हे तुम्हीच शिकवता ना?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की तो बाईंच्या बाजूने बोलतोय. बाई बाहेर आल्या. जिन्यात त्यांनी माझा दंड धरला.

"तू घे नाव. कागदावर नसलं तरी घे. थेट प्रक्षेपण आहे, तोंडातून गेलं की गेलं. चार सेकंद लागतात, मी मोजलंय."

"घेतो," मी म्हणालो. "तुमची शपथ, घेतो."

रविवारी साडेदहाला लाल दिवा लागला. काचेपलीकडे तंत्रज्ञ, त्याच्यामागे घड्याळ हाताची घडी घालून उभा, आणि दाराशी बाई. हातात कार्ड. माझ्यापुढे कागद होता, त्यावर प्रमुखाने स्वतः टाईप करून घेतलेला मजकूर. मधल्या संगीताच्या जागी आवाज खाली करून निवेदकाने गायिकेला मिळालेले सन्मान वाचावेत, असं समासात लिहिलं होतं.

गाण्याआधी नाव घ्यायचं ठरलं होतं. मी तोंड उघडलं. काचेपलीकडे त्याने मनगटाकडे पाहिलं आणि मला आठवलं की माझा करार एकतीस तारखेला संपतोय आणि तो पुढे चालवायचा कागद त्याच्या टेबलावर आहे. मी "ऐकू या" म्हणालो. गाणं सुरू झालं. पहिलं कडवं संपलं. क्लॅरिनेट सुरू झालं, तंत्रज्ञाने ठरल्याप्रमाणे ते खाली घेतलं, आणि मी सन्मान वाचले. सगळे वाचले. सावकाश, शब्द न शब्द स्पष्ट, जसं वाचायचं मला शिकवलं आहे तसं. दुसरं कडवं सुरू झालं तेव्हा मी अगदी वेळेवर थांबलो होतो.

वर पाहिलं तर बाई दाराशी नव्हत्या.

कार्यक्रम संपल्यावर घड्याळने माझी पाठ थोपटली. करार पुढे चालू झाला. मी तळघरात गेलो. बाई कार्डं जागेवर लावत होत्या.

"बाई, मी..."

"वेळेत संपवलंस," त्या म्हणाल्या. "एकतीस कार्डं लागली. बत्तिसावं तू लाव, मला खण सापडत नाहीये."

तो खण सत्तावीस वर्षं त्यांच्या गुडघ्याशी होता. मी कार्ड लावलं आणि वर आलो.

मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या. पुष्पगुच्छ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं, भाषणं झाली, मीच सूत्रसंचालन केलं. पुढच्या वर्षीपासून यादी कोणीतरी संगणकावरून काढायला लागलं. पंधरा मिनिटांचा कार्यक्रम, मग दहा, मग सकाळच्या बातम्यांना जोडून दोन.

दोनेक वर्षांनी कळलं की वहिनी जिन्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि बाई त्यांच्याकडे राहायला गेल्या आहेत. मी धीर करून एकदा गेलो. बाईंनी दार उघडलं. आत वहिनी पलंगावर बसून मटार सोलत होत्या. दोघी एकमेकींशी बोलत होत्या ते एवढंच: पाणी दे, गोळी घेतली का, खिडकी लाव. यापेक्षा जास्त काही नाही आणि कमीही नाही.

"कोण आहे?" वहिनींनी विचारलं.

"रेडिओतला."

"तोच?"

"तोच."

वहिनींनी मटाराचं टरफल टोपलीत टाकलं. "ऐकलं मी त्या दिवशी," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "व्हायोलिनवाल्याच्या बायकोने फोन करून सांगितलं होतं, ऐका, त्यांचं वाजवणं लागणार आहे. रेडिओला कान लावून बसले होते. आलं. ओळखलं मी, पहिल्या फुंकेला ओळखलं. आणि तेवढ्यात तुम्ही बोलायला लागलात."

"वहिनी, माझी नोकरी..."

"हो," त्या म्हणाल्या. "तिचीही होती."

बाई ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. चहा झाला, मी घेतला, कप मीच धुवून ठेवला. निघालो तेव्हा बाई दाराबाहेर आल्या, दार मागे ओढून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आता परत येऊ नकोस हं. तुझा आवाज ऐकला की तिला रात्रभर झोप लागत नाही."

मी परत गेलो नाही.